राखणीचा खर्च आणि राखणीचा गुण



ऊसविकास खात्याच्या या पानावर एरवी लागण, बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा किंवा पाचट कुजविणे याबद्दल मजकूर असतो. या खेपेस विषय थोडा निराळा घेतला आहे. गटसभांना आम्ही गावोगाव जातो तेव्हा उसाचे बोलणे संपले की एक प्रश्न हमखास निघतो. "साहेब, गेटवर एवढी माणसं कशाला? एखाद्या एजन्सीला ठेका देऊन टाका, निम्म्यात भागेल." लगेच दुसरा कोणी म्हणतो, "ठेक्याचं काही खरं नाही. आपली पोरंच बरी." दोघांनाही बोलण्याचा हक्क आहे, कारण पैसा सभासदांचाच आहे. राखणीवर जादा गेलेला रुपया उसाच्या दरातून जातो, हे खरे. पण राखण कमी पडून बगॅसची गंज पेटली, तर ते नुकसानही त्याच दरातून जाते, हेही तितकेच खरे.

तेव्हा हा प्रश्न नुसत्या मतामतांवर न ठेवता त्याचा थोडा अभ्यास करावा असे आम्हांस वाटले. राखण हेच जिथले मुख्य काम, अशी जागा म्हणजे तुरुंग. खर्च वाचवावा की माणसे वाढवावीत, सरकारने चालवावे की ठेक्याने द्यावे, हा वाद तुरुंगांबाबत जगात चाळीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे. त्यातले अनुभव लेखी नमूद आहेत. दुसऱ्याच्या शेतावरचा प्रयोग बघून आपल्या शेताचा निर्णय घ्यावा, तसे या अनुभवांकडे बघावे.

पहिला हिशेब : एका जागेला माणसे किती?

वाद सुरू करण्याआधी कागद-पेन्सिल घ्यावी. समजा, गोडाऊनच्या दाराशी चोवीस तास एक माणूस हवा. आठ तासांच्या तीन पाळ्या. कोणी म्हणेल, तीन माणसे झाली. तिथेच चूक होते.

वर्षाच्या ३६५ दिवसांत तीन पाळ्यांप्रमाणे १,०९५ पाळ्या भराव्या लागतात. एका माणसाला आठवड्याची सुटी धरली तर वर्षात ५२ दिवस वजा होतात. रजा, सणवार, आजारपण मिळून आणखी २५ दिवस धरू. म्हणजे एक माणूस वर्षाला २८८ पाळ्याच भरू शकतो. १,०९५ ला २८८ ने भागले की उत्तर येते ३.८. थोडक्यात, चोवीस तासांच्या एका जागेला जवळजवळ चार माणसे लागतात. अशा दहा जागा असतील तर ३८ माणसे झाली.

आता एखाद्या निविदेत दहा जागांना ३० माणसे दाखविली असतील आणि दर सर्वांत कमी असेल, तर त्यात ठेकेदाराची हुशारी काही नाही. वर्षाच्या १०,९५० पाळ्यांपैकी २,३०० वर पाळ्या एक तर रिकाम्या राहणार, नाही तर तोच माणूस सलग सोळा तास उभा राहणार. बारा तासांची पाळी केली की माणसे कमी दिसतात, पण जादा तासांचे वेतन दुप्पट दराने द्यायचे असते. ते देत नसतील तर बचत त्या माणसाच्या घामातून होते. देत असतील तर बचत उरतच नाही. शिवाय दहा तास उभ्या राहिलेल्या माणसाचे डोळे पहाटे तीन वाजता किती उघडे राहतील, हे रात्री दारे धरणाऱ्या शेतकऱ्याला आम्ही सांगायला नको.

हा हिशेब लक्षात ठेवून पुढचे अनुभव वाचावेत.

अमेरिकेतला अनुभव : स्वस्त कशातून झाले?

अमेरिकेत १९८० नंतर कैद्यांची संख्या झपाट्याने वाढली. सरकारी तुरुंग अपुरे पडू लागले. १९८३ साली 'करेक्शन्स कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका' नावाची कंपनी निघाली आणि दर कैद्यामागे दररोज अमुक डॉलर या दराने तुरुंग चालवावयास घेऊ लागली. (२०१६ साली कंपनीने नाव बदलून 'कोअरसिव्हिक' केले.) सरकारपेक्षा कमी खर्चात तेच काम, असे सांगणे होते. तुरुंगाच्या खर्चात सर्वांत मोठा भाग पगाराचा असतो. त्यामुळे काटकसर करायची म्हटली की पहिली कात्री माणसांची संख्या, त्यांचा पगार आणि त्यांचे प्रशिक्षण यांवरच चालते.

ओहायो राज्यात यंग्स्टाऊन नावाचे गाव आहे. पोलादाच्या गिरण्यांवर जगणारे. १९७७ पासून गिरण्या बंद पडत गेल्या आणि गाव बसले. साखर कारखाना बंद पडलेल्या तालुक्याची जी कळा होते तीच. तेव्हा तुरुंग येणार, नोकऱ्या मिळणार, म्हणून गावाने कंपनीचे स्वागत केले, जमीन नाममात्र किमतीला दिली. १९९७ साली तुरुंग सुरू झाला. बांधणी आणि व्यवस्था मध्यम धोक्याच्या कैद्यांची होती. पण वॉशिंग्टन शहरातून जे कैदी आणले, त्यांत अति धोक्याचे पुष्कळ होते. पहारेकरी नवखे होते. वर्षभरात दोन कैद्यांचे खून झाले, अनेकांना भोसकले गेले. २५ जुलै १९९८ रोजी सहा कैदी दिवसाढवळ्या कुंपण कापून पळाले. ज्या गावाने हार घालून स्वागत केले होते, तेच गाव कंपनीविरुद्ध कोर्टात गेले.

येथे शिकण्यासारखे काय? कैद्याची प्रत आणि पहाऱ्याची प्रत जुळली नाही. माती परीक्षण न करता सरसकट खताचा डोस द्यावा, तसे हे झाले. कुठे किती धोका आहे हे पाहिल्याशिवाय 'एवढी माणसे पुरे' असे म्हणता येत नाही.

आयडाहो : हजेरीपत्रकावरची माणसे

आयडाहो राज्यातल्या बॉयसी शहराजवळचा एक तुरुंग याच कंपनीकडे होता. तिथे मारामाऱ्या इतक्या होत की लोकांनी त्याला 'ग्लॅडिएटर स्कूल' असे नाव पाडले. ग्लॅडिएटर म्हणजे जुन्या रोमन काळात आखाड्यात एकमेकांशी जिवावर लढविले जाणारे लोक. २०१३ साली कंपनीनेच कबूल केले, की २०१२ मधील सात महिन्यांत सुमारे ४,८०० तासांची ड्युटी कागदोपत्री भरलेली दाखविली, प्रत्यक्षात त्या जागा रिकाम्या होत्या.

आपल्या हिशेबाने ४,८०० तास म्हणजे आठ तासांच्या ६०० पाळ्या. सात महिन्यांचे साधारण २१० दिवस धरले तर रोज जवळजवळ तीन पाळ्या हवेतच. पैसे मात्र पुरे घेतलेले. पुढे कंपनीने १० लाख डॉलर भरून तडजोड केली आणि जुलै २०१४ पासून राज्य सरकारने तो तुरुंग स्वतःकडे घेतला.

हजेरीपत्रकावरील माणसे मोजणे आणि जागेवरील माणसे मोजणे यांत किती अंतर असते, हे मस्टर भरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यासाठी अमेरिकेला जायची गरज नाही.

किंगमन : घंटा वाजत होती

सर्वांत चटका लावणारा प्रसंग ॲरिझोना राज्यातल्या किंगमनजवळचा. हा तुरुंग दुसऱ्या एका खासगी कंपनीकडे होता. ३० जुलै २०१० रोजी तिथून तीन कैदी कुंपण कापून निसटले. तार कापण्याचे हत्यार बाहेरच्या साथीदाराने कुंपणावरून आत टाकले होते. कुंपणाला धोक्याची घंटा होती. मग झाले काय? चौकशीत आढळले की ती घंटा बिघडलेली होती आणि कारण नसताना इतक्या वेळा वाजे, की पहारेकऱ्यांनी तिच्याकडे लक्ष देणेच सोडून दिले होते. कुंपणावरचे दिवेही काही ठिकाणी गेलेले होते. दुरुस्ती 'होईल, होईल' म्हणून राहिली होती.

पळालेल्यांनी काही दिवसांतच शेजारच्या न्यू मेक्सिको राज्यात प्रवासाला निघालेल्या एका उतारवयाच्या जोडप्याचा खून केला. त्या दोघांचा तुरुंगाशी काडीचा संबंध नव्हता. दिवा आणि घंटा यांच्या दुरुस्तीत वाचलेल्या पैशांची किंमत दोन परक्या माणसांनी मोजली. सार्वजनिक सुरक्षितता हा शब्द मोठा वाटतो. त्याचा अर्थ एवढाच, की राखणीत केलेल्या कसुरीचे फळ बहुधा तिसऱ्याच माणसाच्या पदरात पडते.

याची पुढची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. या प्रकारानंतर राज्याने काही कैदी तिथून हलविले आणि नवे पाठविणे थांबविले. तर कंपनीने करार पुढे केला. करारात ९७ टक्के खाटा भरलेल्या ठेवण्याची हमी राज्याने दिली होती! शेवटी रिकाम्या खाटांपोटी राज्याला सुमारे ३० लाख डॉलर द्यावे लागले. ज्याच्या कुंपणातून कैदी पळाले, त्यालाच भरपाई. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे ६२ करार तपासले, त्यांपैकी ६५ टक्के करारांत ८० ते १०० टक्के भरतीची हमी आढळली.

कारखान्याचे आपण सभासद आहोत, गाळपक्षमतेला ऊस कमी पडला की काय होते ते आपल्याला कळते. पण इथे कच्चा माल म्हणजे माणूस. गुन्हे घटावेत, तुरुंग रिकामे व्हावेत, ही समाजाची इच्छा. आणि खाटा भरलेल्या राहाव्यात, हे ठेक्याचे गणित. अशा कराराची दोन टोके दोन दिशांना ओढतात. म्हणून करारावर सही करण्याआधी एक प्रश्न विचारावा : समोरच्याला पैसा कशाबद्दल मिळणार आहे? नुकसान टळल्याबद्दल, की नुसती डोकी दाखविल्याबद्दल?

मग सरकारी ते सगळे चांगले काय?

नाही, असेही म्हणता येत नाही. न्यायाने दोन्ही बाजू पाहिल्या पाहिजेत.

इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचा सरकारी तुरुंग २०११ मध्ये 'जी-फोर-एस' या कंपनीकडे दिला. डिसेंबर २०१६ मध्ये तिथे मोठी दंगल झाली. ऑगस्ट २०१८ मध्ये मुख्य तुरुंग निरीक्षकांनी पाहणी केली, तेव्हा हिंसा आणि अमली पदार्थ यांचा सुळसुळाट होता, आणि काही कर्मचारी भीतीने स्वतःला कचेरीत कोंडून घेऊन बसत होते. कैदी मोकळे आणि पहारेकरी कोंडलेले, असा उलटा प्रकार. सरकारने तुरुंग ताबडतोब आपल्या हाती घेतला आणि २०१९ साली ठेका कायमचा संपविला. पण त्याच देशात लिव्हरपूलचा तुरुंग सरकारीच होता. २०१७ च्या तपासणीत त्याचीही अवस्था अत्यंत वाईट आढळली. मोडकी शौचालये, फुटक्या खिडक्या, उंदीर-झुरळे. तिथे कोणा ठेकेदाराकडे बोट दाखवायला जागा नव्हती.

अमेरिकेच्या न्याय खात्याच्या महानिरीक्षकांनी ऑगस्ट २०१६ मध्ये केंद्राचे स्वतःचे तुरुंग आणि ठेक्यावरचे तुरुंग यांची तुलना प्रसिद्ध केली. सुरक्षिततेच्या बहुतेक बाबतींत दरडोई घटना ठेक्याच्या तुरुंगांत जास्त आढळल्या. त्यावर केंद्राने ठेके हळूहळू बंद करण्याचे ठरविले. २०१७ मध्ये सरकार बदलले, निर्णय फिरला. २०२१ मध्ये पुन्हा बंद करण्याचा आदेश निघाला, २०२५ मध्ये तोही रद्द झाला. राजकारणाच्या वाऱ्याबरोबर असे निर्णय इकडून तिकडे होतात. अहवालातील निष्कर्ष मात्र सरकार बदलले म्हणून बदलत नाहीत.

यावरून आम्हांस एवढे दिसते, की मालक कोण हा प्रश्न महत्त्वाचा आहेच, पण त्याहून महत्त्वाचे आहे ते तपासणारा कोण आणि तो किती वेळा, न सांगता येतो. बर्मिंगहॅमचा प्रकार उघडकीस आला तो स्वतंत्र निरीक्षक दारात उभा राहिला म्हणून. लिव्हरपूलचाही त्यामुळेच आला.

आणखी एक उदाहरण थोडक्यात. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकसाठी याच 'जी-फोर-एस' कंपनीने १०,४०० रक्षक पुरविण्याचा ठेका घेतला. खेळ सुरू होण्यास दोन-अडीच आठवडे उरले असताना माणसे पुरी पडत नाहीत असे सांगितले, आणि ऐन वेळी सैन्याचे ३,५०० जवान जादा बोलवावे लागले. ऊसतोडीच्या टोळ्यांना उचल देऊन बसावे आणि बॉयलर पेटल्यावर निम्म्या टोळ्या आल्याच नाहीत, हा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. करारातली संख्या आणि फडात उतरलेली संख्या, दोन्ही वेगवेगळ्या वेळी मोजाव्या लागतात.

आटपाडीचा माळ : कमी भिंत, जास्त भरवसा

आतापर्यंत 'माणसे कमी केली आणि बिघडले' अशीच उदाहरणे झाली. याच्या उलट, खर्चही कमी आणि धोकाही कमी, असे कुठे झाले आहे काय? झाले आहे, आणि ते आपल्याच भागात.

सांगली जिल्ह्यातील आटपाडी त्या वेळी औंध संस्थानात होती. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या कारकिर्दीत १९३९ साली आटपाडीजवळच्या माळावर 'स्वतंत्रपूर' ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या इंजिनियरची ही कल्पना आणि राजेसाहेबांचे पाठबळ. भिंत नाही, बेड्या नाहीत. कैद्यांनी जमीन कसायची, घरच्या माणसांसह राहायचे. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट याच प्रयोगावरून सुचलेला. त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर त्याच माणदेशातले. पडद्यावरची गोष्ट पुष्कळांनी पाहिली, पण ती मुळात आपल्या मातीत घडलेली आहे हे थोड्यांना ठाऊक असते.

पुढे येरवडा, पैठण येथे खुली कारागृहे निघाली. राजस्थानात सांगानेरला १९६३ पासून खुली वसाहत आहे. तिथे कैदी कुटुंबासह राहतात, दिवसा बाहेर कामधंदा करून पोट भरतात आणि हजेरीला परत येतात. उंच भिंत, बुरूज, प्रत्येक दाराला पहारा हा सगळा खर्च अशा ठिकाणी आपोआप वाचतो.

पण हे ऐकून 'काढा भिंती सगळ्या' असे कोणी म्हणू नये. खुल्या कारागृहात वाटेल तो कैदी पाठवीत नाहीत. शिक्षेचा काही काळ बंद तुरुंगात काढलेला, वर्तणूक चांगली असलेला, अशी पारख करून निवड होते. शिवाय पळून जाण्यापेक्षा राहण्यात त्याचा फायदा असतो. शिक्षेत सूट मिळते, हातात काम असते, माणसांत राहता येते. म्हणजे बचत झाली ती पहारा पातळ केल्याने नव्हे, धोक्याची प्रतवारी नीट केल्याने आणि माणसाला राखणीत भागीदार केल्याने. यंग्स्टाऊनमध्ये नेमके हेच चुकले होते.

आपल्या देशाचा एक आकडाही या संदर्भात पाहण्यासारखा आहे. आपल्याकडे कारागृहे हा राज्य सरकारांचा विषय आहे. २०२२ अखेर देशातील तुरुंगांची क्षमता ४,३६,२६६ होती आणि आत ५,७३,२२० माणसे होती. शंभराच्या जागेत १३१. त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे चारांत तीन, अजून गुन्हा शाबीत न झालेले कच्चे कैदी होते. यांत जामिनाची रक्कम उभी करता येत नाही म्हणून बसून राहिलेले गरीब लोकही असतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत प्रथमच गुन्ह्यात सापडलेल्यास, काही गंभीर गुन्हे व अपवाद सोडता, कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ आत काढल्यावर सोडण्याची तरतूद आहे. ती नीट अमलात आली तर भिंत न वाढविता गर्दी कमी होईल आणि आहे तोच पहारा धोक्याच्या कैद्यांवर पुरेल. विनाकारण राखायचे ओझे कमी करणे हीसुद्धा काटकसरच आहे, आणि सर्वांत शहाणी काटकसर ती हीच.

आपल्या गावची जुनी रीत

पेशवाईत गावचा जागल्या असे. चोरी झाली की त्याने चोराचा माग काढत शिवेपर्यंत जायचे. माग शेजारच्या गावच्या शिवेत गेला की जबाबदारी त्या गावावर. माग गावातच विरला तर भरपाई गावाला द्यावी लागे. जागल्याला त्याबद्दल बलुते आणि इनाम मिळे. १८१९ च्या सुमारास एल्फिन्स्टनने पेशव्यांच्या मुलखाबद्दल जो अहवाल लिहिला त्यात या रीतीचे वर्णन आहे.

त्या रीतीत दोषही होते, ती तशीच परत आणावी असे आमचे म्हणणे नाही. पण तिच्यात एक शहाणपण होते. जबाबदारी कुठे सुरू होते आणि कुठे संपते याची शीव ठरलेली होती, आणि राखणदाराचे पोट राखणीवर नीट भरत होते. आजच्या कित्येक करारांत या दोन्ही गोष्टी धड नसतात.

कायदा काय सांगतो?

सभासदांच्या माहितीसाठी मोजकेच सांगतो.

खासगी सुरक्षा एजन्सीला २००५ च्या केंद्रीय कायद्यानुसार परवाना घ्यावा लागतो. २००६ च्या नमुना नियमांत रक्षकाला १०० तास वर्गातील आणि ६० तास प्रत्यक्ष, असे किमान वीस दिवसांचे प्रशिक्षण सांगितले. माजी सैनिकांना त्यात सवलत आहे. महाराष्ट्रात १९८१ चा खासगी सुरक्षा रक्षक कायदा आहे. त्याखाली सुरक्षा रक्षक मंडळे आहेत आणि रक्षकांची नोंदणी, वेतन, भविष्यनिर्वाह निधी यांची व्यवस्था त्यांच्यामार्फत होते. मालकाच्या थेट व कायम नोकरीतील रक्षक त्यातून वगळलेले आहेत. २०१० च्या कायद्याने राज्य सुरक्षा महामंडळही झाले आहे. म्हणजे 'एक तर आपली पोरं, नाही तर सर्वांत स्वस्त ठेकेदार' एवढे दोनच रस्ते नाहीत.

आणि एक गोष्ट विसरू नये. ठेकेदाराने मजुरी बुडविली तर मूळ मालकाने ती द्यावी, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होते आणि २०२० च्या संहितेतही ठेवले आहे. स्वस्त निविदेचे उरलेले बिल असे मागून आपल्याच दारात येते.

निविदा उघडण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

हा सर्व अभ्यास आपल्या फाटकाशी आणून सोडतो. सभेत हा विषय येईल तेव्हा सभासदांनी पुढील प्रश्न विचारावेत, असे आम्ही सुचवितो.

१. कुठल्या जागेला किती धोका आहे याची यादी केली आहे काय? स्पिरिटच्या टाक्या, बगॅस यार्ड, साखर गोडाऊन, वजनकाटा आणि कचेरीचा व्हरांडा यांना एकाच मापाने माणसे देऊ नयेत. कचेरीच्या दारावरचा एक माणूस कमी करून बगॅस यार्डात दिला तर खर्च तोच राहून राखण सुधारते.

२. दर जागेमागे माणसे ३.८ च्या हिशेबात बसतात काय? नसतील तर उरलेल्या पाळ्या कोण भरणार, हे ठेकेदाराने लिहून द्यावे.

३. हजेरी जागेवर जाऊन, रात्री, न सांगता कोण तपासणार? तपासणारा ठेकेदाराचा माणूस नसावा, आणि सुरक्षा खात्याचाही नसावा. दर महिन्याला एका संचालकाने व एका सभासदाने पाळीने हे काम केले तर खर्च एका चहाचा.

४. दिवे, आगीचे बंब, पाण्याचा दाब, घंटा, कॅमेरे यांची दुरुस्ती किती दिवसांत करायची, हे ठरले आहे काय? बंद कॅमेरा आणि सारखी खोटी वाजणारी घंटा नसलेल्यापेक्षा वाईट, कारण ती आहे अशा समजुतीने आपण झोपतो.

५. रक्षकाला हातात किती पगार पडतो? बँकेतून पडतो काय? प्रशिक्षणाचा दाखला पाहिला काय? पोटाला कमी पडणाऱ्या माणसाच्या ताब्यात कोट्यवधींची साखर ठेवणे हा त्याच्यावरही अन्याय आहे.

६. ठेकेदार कमी पडला तर किती रक्कम कापायची आणि किती दिवसांत करार संपवायचा, हे आधीच लिहिले आहे काय? किंगमनसारखी, चूक त्याची आणि भरपाई आपली, अशी अट आत कुठे दडलेली नाही ना?

७. सातवा प्रश्न आम्हांस सर्वांत मोठा वाटतो. राखायच्या वस्तूंच्या यादीत माणसे आहेत काय?

राखणीचा करार लिहिताना साखर, स्पिरिट, मोलॅसिस, सुटे भाग, भंगारसुद्धा आठवणीने लिहिले जाते. पण हंगामात कारखान्याच्या आवाराला लागून ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडतात. पहाटे बाया-माणसे फडात जातात, मागे लहान पोरे आणि म्हातारी माणसे राहतात. शेजारून दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर जातात. त्या तळावर रात्री दिवा आहे काय? कोपीला आग लागली, कोणी रात्री तळात घुसले, एखादी बाई हाकेला आली, तर कोणाला बोलवायचे? पहारेकऱ्याच्या ड्युटीत तो तळ लिहिला आहे की 'आमच्या हद्दीबाहेर' म्हणून तो पाठ फिरवणार? रस्त्यावर उभ्या असलेल्या ट्रॉलीला मागून तांबडा रिफ्लेक्टर लावला आहे की नाही, हे काट्यावर कोणी बघते काय? त्या ट्रॉलीवर अंधारात आदळणारा मोटारसायकलवाला आपल्याच कुठल्या तरी गावचा असतो.

किंगमनच्या त्या जोडप्याचे नाव तुरुंगाच्या करारात कुठेच नव्हते. आपल्या करारातही तळावरच्या पोराचे नाव नसते. म्हणून ते काम करारात शब्दांनी लिहून घ्यावे. त्यासाठी दोन माणसे जास्त लागली तर लागू द्यावीत. त्यांचा खर्च गेटवरची अनावश्यक गर्दी कमी करून निघू शकेल, आणि नाही निघाला तरी तो द्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ठेका द्यावा की देऊ नये याचे एका शब्दात उत्तर आम्ही देत नाही. तो निर्णय सभेचा आहे. नीट करार, नीट तपासणी आणि रक्षकाला नीट पगार असेल तर ठेक्यानेही राखण होऊ शकते. या तीन गोष्टी नसतील तर आपली पोरंसुद्धा झोपा काढतील. बेणे घेताना आपण केवळ स्वस्त म्हणून कोणाच्याही फडातले उचलत नाही. डोळे फुगीर आहेत का, रोग-कीड आहे का, वय किती, हे पाहतो, कारण उगवण फसली तर पूर्ण वर्ष जाते हे आपल्याला ठाऊक असते. राखणीची निविदा उघडताना हीच नजर ठेवावी.

वर दिलेल्या सात प्रश्नांचा कागद गट कार्यालयात ठेवला आहे. सभासदांनी तो वाचावा, आपल्या भागातील तळ आणि रस्ते यांबद्दलच्या सूचना त्यावर लिहून सभेपूर्वी द्याव्यात. ऊसतोड टोळ्यांच्या मुकादमांनाही आम्ही विचारणार आहोत, कारण रात्रीचा अंधार कुठे जास्त आहे हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नाही.

कळावे.

आपला,
ऊसविकास अधिकारी